नाव घ्यायची पाळी

बोर्ड मोठा होता, त्यावरचं नाव त्याहून मोठं होतं, आणि त्या नावात मनकर्णा कुठंच नव्हती.

बंगल्याच्या फाटकावर सकाळीच शिडी लागली होती. फ्लेक्सच्या वरच्या कोपऱ्यात बिनदाताची नात हसत होती, म्हणजे आजच्या बारशाचं निमंत्रण. तिच्याखाली मनकर्णाचा कुठल्या तरी लग्नातला शालूतला फोटो, आणि त्याला लागून सोनेरी अक्षरं : 'ज्येष्ठ साहित्यिका सौ. साधनादेवी विश्वंभरराव जहागीरदार यांच्या “मागल्या दाराची माणसं” या कथासंग्रहाच्या नव्या आवृत्तीबद्दल हार्दिक अभिनंदन.' या दोघींपेक्षाही मोठा असा हात जोडलेला बालाजी उजव्या बाजूला उभा होता. आजी आणि नात या दोघी त्याच्या प्रचारालाच निघाल्यात असं वाटावं, असा एकूण थाट.

"कसं वाटलं, आई?" बालाजीनं विचारलं. पोराचा चेहरा खरोखर आनंदानं फुलला होता, हीच तर पंचाईत होती.

"फोटो चांगला हाय," मनकर्णा म्हणाली. "नाव कुणाचं हाय?"

"म्हंजे? तुझंच की."

"पुस्तकावर दुसरं हाय."

"होतं." बालाजीनं शिडीवरच्या माणसाला डावीकडं ओढ म्हणून खूण केली. "काल मी नांदेडला प्रकाशकाला, प्रेमदासला फोन केलता. कव्हर बदलायला सांगितलं. मनकर्णा साखरेकर म्हणजे कोण, लोकांना काय कळणार हाय? साखर कारखान्यातली बाई वाटती. साधनादेवी जहागीरदार म्हणलं की जिल्हा उभा राहतो."

"जिल्हा उभा राहतो का तू उभा राहतो?"

बालाजी हसला. जिल्हा परिषदेचं तिकीट अजून मिळायचं होतं, पण उभं राहायची सवय त्यानं आधीच लावून घेतली होती. "दोन्ही," तो म्हणाला. "अगं, तीस वर्षं त्या पुस्तकाला कुत्रं विचारत नव्हतं. आता ज्योतीमॅडमनी ते कॉलेजच्या अभ्यासाला लावलं, पेपरात आलं, तर घराण्याला त्याचा मान नको? आज दुपारी कव्हर मशीनवर चढणार हाय. त्याच्या आधी प्रेमदास एकदा फोन करील, बापूंचा होकार घ्यायला. मीच सांगितलं तसं. घरचे कर्ते हायेत ते."

"पुस्तक मी लिहिलं अन् होकार बापूंचा."

"आई, तुला सरप्राइज द्यायचं होतं मला. तू तर तोंड पाडून राहिली."

"तोंड पाडून न्हाई राहिले," मनकर्णा म्हणाली. "तोंड उघडायचं का न्हाई, ते ठरवून राहिले." आणि ती आत वळली.

साधना हे नाव तिला तांदळाच्या ताटात मिळालं होतं. लग्नाच्या दिवशी सासऱ्यांनी सांगितलं आणि विश्वंभररावांनी अंगठीनं तांदळात लिहिलं. मनकर्णा हे नाव जहागीरदारांच्या दिवाणखान्यात शोभण्यासारखं नव्हतं. ते शेंगा फोडणाऱ्या बायकांचं नाव होतं, आणि तिच्या माहेरी साखऱ्याला सगळ्या बायका शेंगा फोडतच होत्या. गंमत अशी की सासऱ्यांनी तिला निवडली होती ती तिच्या बोलण्यावरून. सेनगावला शाळेच्या समारंभात कोरडवाहू शेतकऱ्याची ही पोर माइकसमोर धडाधड बोलली, आणि पाहुणे म्हणून आलेल्या दादासाहेबांनी तिथंच ठरवलं की सून करावी तर हीच. बोलते म्हणून आणली आणि आणल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आपल्यात बायका पुरुषांदेखत बोलत नाहीत. पोपट विकत घ्यावा आणि त्याची चोच बांधावी, यातलाच प्रकार.

मग ती लिहू लागली. दिवाणखान्यावर नव्हे, दिवाणखान्यात लिहिण्यासारखं काही घडत नसे. तिनं मागल्या दारावर लिहिलं. तिथं हळद शिजवायला बायका येत, सोजराबाई येई, तिच्या सुना येत, आणि पुढच्या दारानं आलेल्या माणसांपेक्षा कितीतरी खरं बोलत. त्या गोष्टी दिवाळी अंकांत आल्या, मग त्यांचं पुस्तक झालं. पुस्तकावर नाव लागलं ते मनकर्णा ग्यानोबा साखरेकर. साखरेकर हे आडनाव तिनं गावावरून स्वतःच पाडलं होतं. पहिली प्रत घेऊन ती माहेरी गेली तेव्हा ग्यानोबांनी पुस्तक उलटं धरलं. वाचायला येत नव्हतं त्यांना. "माझं नाव कोणतं यातलं?" त्यांनी विचारलं. तिनं अक्षरावर बोट ठेवलं. त्यांनी तिचं बोट बाजूला सारून तिथं आपलं ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

ते बोट आज दुपारी मशीनवर कापलं जाणार होतं. मनकर्णाला हे असंच वाटत होतं.

हॉलमध्ये पाळण्याला झेंडूच्या माळा चढत होत्या. पुनम, म्हणजे सूनबाई, बाळाला मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली होती. रुपा, बाळाची आत्या, आज नाव ठेवायचा मान तिचा, म्हणून पहाटेच छत्रपती संभाजीनगरहून गाडीनं आली होती आणि आल्यापासून घरातल्या प्रत्येकाला सूचना देत होती. या सगळ्यांच्या मधोमध खुर्चीत आक्का. कमलबाई, विश्वंभररावांच्या थोरल्या बहीण. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी माहेरी परत आल्या त्या कायमच्या, आणि घरातले देव, सोवळं, मान-पान सगळं तेव्हापासून त्यांच्या पदराला बांधलेलं. जुना वाडा पाडून बंगला झाला, जमिनीला संगमरवर आला, पण आक्का बदलल्या नाहीत. त्यांना बदलण्याचं धाडस कंत्राटदारालाही झालं नाही.

"काय झालं गं?" आक्कांनी विचारलं. "बोर्ड बघून आली का शनी बघून आली?"

मनकर्णानं सांगितलं. कव्हरवरचं नाव बदलून राहिले, आणि मला ते नको.

"अगं बाई!" आक्कांनी कपाळाला हात लावला. "लेक नाव देऊन राहिला अन् माय नको म्हणून राहिली! काहून? जहागीरदार नावाला काय काटे हायेत? तुझ्या बापाच्या गावाचं नाव लावून फिरती, लोक म्हणतील नवऱ्यानं टाकली का काय."

"आई म्हणते ते ऐकून तर घ्या," रुपा म्हणाली.

"तू गप. तुला पाळण्यात नाव ठेवायचा मान हाय, घरात नावं ठेवायचा न्हाई."

बालाजी मागोमाग आत आलाच होता. आक्का आपल्या बाजूनं आहेत म्हटल्यावर त्याला चेव आला. "आत्या, तूच सांग तिला. सगळे देऊन राहिले तर मान घ्यावा माणसानं."

मनकर्णा आक्कांच्या खुर्चीसमोर जाऊन बसली. खाली, फरशीवर, लग्न होऊन आली तेव्हा बसायची तशी. "आक्का, एक विचारू? पुस्तक छापायचं ठरलं तवा दादासाहेबांनी मला देवघरात बोलावलं होतं. याद हाय का?"

आक्कांचा चेहरा किंचित आखडला. "हाय."

"तबक कुणी आणलं होतं?"

आक्का पदराचं टोक सारखं करू लागल्या.

"त्यात काय होतं?"

"कशाला आता ते उकरती."

"बेलाचं पान होतं अन् भंडारा होता," मनकर्णा म्हणाली. पुनमला हे नवं होतं, म्हणून ती तिच्याकडं वळली. "खंडोबाची हळद म्हंजे भंडारा. तो अन् बेल हातात घेऊन जे बोललं ते मोडायचं न्हाई, अशी आण असती. दादासाहेब म्हणले, गोष्टीच्या पुस्तकावर, बाजारात कुणाच्याही हातात पडणाऱ्या कागदावर, जहागीरदारांचं नाव येता कामा नये. उचल बेलभंडार. मी उचलला. या घराचं नाव माझ्या पुस्तकाला कधी लावणार न्हाई, असं खंडेरायाला सांगितलं. तबक तुमच्याच हातात होतं, आक्का."

बालाजीच्या तोंडाकडं बघून मनकर्णाला कळलं की हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आजोबांच्या मोठेपणाच्या गोष्टी त्यानं पुष्कळ ऐकल्या होत्या. त्यात ही बसत नव्हती म्हणून ती गाळली गेली होती.

आक्का एकदम खुर्चीत सरळ झाल्या. त्यांनी पाळण्याकडं बघितलं, मग बाळाकडं, आणि त्यांचा पक्ष डोळ्यादेखत पालटला. "बालाजी, ते नाव काढ."

"आत्या!"

"काढ म्हणते ना. देवाची आण हाय. घरात लेकरू पाळण्यात पडून राहिलं अन् तू खंडोबाशी खेळ मांडतो?"

"ते तवाचं होतं. आजोबा जुन्या काळचे. आता कोण मानतंय?"

"मी मानते," आक्का म्हणाल्या. "दादांनी हिला बांधलं तसं आपल्यालाबी बांधलं. दोरीला दोन टोकं असत्यात, लेका."

बालाजी सहजासहजी हार मानणारा नव्हता. राजकारणात पडायचं तर तेवढं लागतंच. तो सरळ आतल्या खोलीत गेला आणि बापूंना घेऊन आला.

विश्वंभरराव हळदीचे व्यापारी. कांडी नखानं खरवडली की माल कुठल्या शिवारातला ते सांगत, आणि हिंगोलीच्या मार्केटात त्यांच्या शब्दावर ढीग विकला जाई. घरात मात्र त्यांचे शब्द फार जपून खर्च होत. बायकोच्या बाबतीत तर त्यांनी कधी नावच खर्च केलं नाही. मनकर्णा तर नाहीच, पण स्वतः तांदळात लिहिलेलं साधनाही त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. सगळ्या संसारात ती त्यांच्यासाठी 'ऐकलं का' होती. आणि ती ऐकत आली होती.

त्यांनी सगळं उभ्याउभ्या ऐकून घेतलं. मग आक्कांना विचारलं, "आण सोडवता येती का?"

"घालणारा मोठा. तो गेला तर घरात जो मोठा असंल त्यानं देवासमोर सोडवायची. तसं असतंय."

"मग आणा तबक."

आक्कांनीच आणलं, पुन्हा. बेलाचं पान, भंडाऱ्याची वाटी. सगळे देवघराशी जमले. विश्वंभररावांनी टोपी घातली, हात जोडले आणि म्हणाले, "दादांनी घातलेली आण, आज मी या घराचा मोठा म्हणून मोकळी करतो. चूकभूल पदरात घ्या, देवा." त्यांनी भंडाऱ्याची चिमूट उचलली आणि मनकर्णाच्या कपाळाला लावली. आक्का "येळकोट येळकोट" म्हणाल्या, सगळ्यांनी "जय मल्हार" म्हटलं.

"झालं!" बालाजीनं टाळी वाजवली. "आता तर काही अडचण न्हाई ना? देवबी राजी झाला."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. एकट्या मनकर्णाचा गेला. सकाळपासून ती या आणेच्या आड उभी होती, आणि आता आडोसाच राहिला नव्हता. देव मोकळा झाला होता, आक्का मोकळ्या झाल्या होत्या, आणि सगळे तिच्या पिवळ्या कपाळाकडं बघत ती 'बरं' कधी म्हणते याची वाट बघत होते. ते 'बरं' तिला इतकं पाठ होतं की तोंडात तयारच होतं. तिनं ते गिळलं.

"आण मोकळी झाली ते बरं झालं," ती म्हणाली. "आता देवाला मधी न घालता मी माझ्या तोंडानं सांगते. मला ते नाव नको."

"आई, आता कशापायी?"

"नाव वाईट न्हाई. मी ते चांगलं वागवलं. बँकेत, पाहुण्यांत, लग्नपत्रिकांत, अन् मरस्तोवर वागवीन. पण पुस्तक साधना जहागीरदारनं लिहिलेलं न्हाई, बालाजी. तिला लिहायची परवानगी नव्हती. ती पुढच्या खोलीत चहाचे कप मोजत होती. जिनं लिहिलं ती या घरात मागल्या दारानं यायची अन् मागल्या दारानं जायची. तुमी तिला नाव दिलं न्हाई म्हणून तिनं बापाचं घेतलं. आता तिला मान मिळून राहिला तर म्हणता, तू आमचीच? मग तवा कुणाची होती?"

"लोक काय म्हणतील याचा इचार कर," बालाजीचा आवाज चढला. "जहागीरदाराची बाई बापाचं नाव लावून राहिली, घरात काहीतरी भांडण हाय. समोरची पार्टी बराबर उचलंल हे."

"उचलू दे. त्यांनाबी जरा वाचन घडंल."

पुनम इतका वेळ गप्प होती. या घरात आल्यापासून तिनं गप्प राहण्याची जागा बरोबर ओळखली होती, पण आज ती जागा संपली. "माझ्या दवाखान्याच्या पाटीवर माझ्या वडिलांचं आडनाव आहे," ती म्हणाली. "तेव्हा कुणाची पार्टी काही म्हणाली का?"

"तुझं वेगळं. तुझ्या डिग्रीवर ते नाव हाय."

"मग आईंची डिग्री म्हणजे ते पुस्तकच आहे."

रुपानं पुनमच्या पाठीवर थाप मारली. नणंद-भावजय एका बाजूला, हे दृश्य जहागीरदारांच्या घरात इतकं दुर्मीळ होतं की आक्कांनी चष्मा पुसून पुन्हा घातला.

"ठीक हाय," बालाजी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तुमी सगळ्या एक झाल्या. मग आई, प्रेमदासला फोन तूच कर. मी शब्द देऊन बसलोय, मी फिरवणार न्हाई."

"मला करता येतो फोन. करार माझ्या सहीचा हाय. दुसरं नाव घातलं तर पुस्तक काढू नको, इतकंच म्हणायचं हाय, काम खलास." मनकर्णा थांबली. मग ती विश्वंभररावांकडं वळली, आणि सगळ्यांदेखत त्यांच्याकडं सरळ बघून बोलली. दादासाहेबांच्या घरात असं करायला तिला एवढी वर्षं लागली. "पण मी करणार न्हाई. दादासाहेबांनी मला बेलभंडार उचलायला लावला त्या दिवशी हे देवघराच्या दाराला टेकून उभे होते. मला वाटलं, आता बोलतील. आता बोलतील. न्हाई बोलले. आज प्रेमदासला होकार यांचा पायजे ना? मग यांनीच सांगावं, कोणतं नाव ते. जे सांगतील ते सांगतील. पण दुसरं सांगितलं तर पुस्तक निघणार न्हाई, हेबी आताच सांगून ठेवते."

विश्वंभररावांनी टोपी काढली. तिची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. तेवढ्यात फाटकाशी गाड्यांचे हॉर्न वाजले आणि ते "पाहुणे आले" एवढंच म्हणून बाहेर गेले.

"बोर्डाचं काय करायचं मग?" बालाजीनं कुणाला तरी विचारावं म्हणून विचारलं.

"राहू दे," मनकर्णा म्हणाली. "त्यावर तुझं नाव बराबर हाय."

पाहुण्या बायकांनी हॉल भरला. हळद पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या बायका आल्या, तहसीलदारबाई आल्या, जवळा बाजारच्या पाहुण्या आल्या, आणि कॉलेजातल्या ज्योतीमॅडम आल्या त्या हातात तेच जुनं, पिवळ्या पानांचं पुस्तक घेऊन. त्यांनी वाकून नमस्कार केला. "बाई, माझ्या आजीनं इथं हळद शिजवलेली आहे," त्या हळूच म्हणाल्या. मनकर्णानं विचारलं, "सोजराबाई?" आणि त्यांनी मान हलवली. आणखी बोलायला सवड नव्हती. मनकर्णानं त्यांचा हात धरून त्यांना पुढच्या रांगेत, तहसीलदारबाईंच्या शेजारी बसवलं. आक्कांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

पाळण्याखालून, पाळण्यावरून बाळाला दिलं-घेतलं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. पाळणा म्हटला गेला. रुपानं वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि रियांशी असं नाव सांगितलं. पाठीवर धपाटे बसले. रियांशीचा अर्थ काय ते आक्कांनी दोनदा विचारलं होतं. पुनमनं मोबाइलमध्ये बघून सांगितलं, पण आक्कांच्या मते मोबाइलला तरी कुठं ठाऊक होता. असो. लेकराला नाव मिळालं. ते पुढं कुणी बदलू नये, एवढं मनकर्णानं मनात म्हटलं.

पलीकडं व्हरांड्यात पुरुषमंडळी बसली होती. मधलं दार उघडंच होतं.

"आता नावं घ्या, नावं!" कुणीतरी ओरडलं. "बाळाच्या आईपासून."

पुनम उठली.

"दाढदुखीच्या पेशंटची दारात माझ्या रांग,
बालाजीरावांच्या जिद्दीचा लागत न्हाई थांग."

बायका खळखळून हसल्या. व्हरांड्यातून बालाजीचं खोकणं ऐकू आलं. मग आणखी दोघी-तिघींनी घेतली, तहसीलदारबाईंनी तर हिंदीत घेतलं, आणि मग सगळ्यांचा मोर्चा वळला.

"साधनाकाकू! साधनाकाकू! तुमचं राहिलं!"

या पेठेतल्या निम्म्या बायका जे उखाणे घेत ते मूळ तिचेच होते. हळदी-कुंकवाला, मंगळागौरीला तिनं कुणाकुणाला सहज म्हणून जोडून दिलेले. ते तोंडोतोंडी गेले आणि कुणाचे ते कुणाला आठवलं नाही. त्यामुळं तिची पाळी आली की बायका कान टवकारत. मनकर्णा उठली. कपाळावरचा भंडारा तिनं पुसला नव्हता. तिनं उघड्या दाराकडं तोंड केलं आणि माइकसमोर बोलत असल्यासारखी खणखणीत म्हणाली :

"साखऱ्याच्या वेशीवर ठेवून आले नाव,
हळदीच्या पेठेनं दिला नवा गाव;
विश्वंभररावांचं नाव घेतलं, मोजलं न्हाई कधी,
आज त्यांनी माझं घ्यावं, घुगऱ्या वाटायच्या आधी."

हसू फुटायचं तिथं फुटलं नाही. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. घुगऱ्यांच्या पातेल्यात डाव घालून बसलेली पोरगी तशीच थांबली. नवऱ्यानं नाव घ्यायचं? हा कुठला उखाणा? तेवढ्यात व्हरांड्यात बालाजीचा मोबाइल वाजला.

तो वाजत राहिला. बालाजीनं स्क्रीनकडं बघितलं, आईकडं बघितलं. मग उठून त्यानं फोन बापूंच्या हातात दिला. "प्रेमदास हाय," तो म्हणाला.

मनकर्णा उभीच राहिली. हे असंच संपायचं असेल तर संपू दे, तिनं ठरवलं. पुस्तक निघालं नाही तर नाही निघालं. पण आज ती खाली बसणार नव्हती.

"हॅलो," विश्वंभरराव म्हणाले. "हॅलो? हां, मीच. आवाज येत न्हाई." ते उठले, व्हरांड्याच्या टोकाला गेले. "हॅलो?" पायऱ्या उतरले. रेंज मिळेना म्हणून चालत चालत पार फाटकाशी, त्या बोर्डाखाली जाऊन उभे राहिले. तिथं मिळाली. पण पलीकडच्याला ऐकू जात नसावं, कारण हळद पेठेत सुद्धा कधी आवाज न चढवणारा तो माणूस एकदम ओरडून बोलू लागला, आणि हॉलच्या खिडक्या उघड्या होत्या.

"लिहून घ्या, म्हणलं! न्हाई, ते न्हाई. ते काढा. पयलंच घाला." मनकर्णानं पाळण्याची दोरी घट्ट धरली. "मनकर्णा! मनकर्णा म्हणलं. मनातलं मन अन् म्होरं कर्णा. व्हय. मग ग्यानोबा. न्हाई, न्हाई, ज्ञानोबा न्हाई! गला य. माझ्या सासऱ्याचं नाव हाय ते, दुरुस्त नका करू. अन् साखरेकर. एकदा वाचून दाखवा." पलीकडून वाचून दाखवलं गेलं असावं. "बराबर. मनकर्णा ग्यानोबा साखरेकर. तेच छापा." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि विश्वंभरराव बोर्डाकडं पाठ करून म्हणाले, "मी? मी मनकर्णाबाईंचा नवरा बोलून राहिलो."

आक्कांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर टेकले, उठल्या, आणि साऱ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घेतलं गं बाई. विश्वंभरनं नाव घेतलं!"

मग जो गलका झाला त्यात लेकरू जागं झालं आणि रडू लागलं. पुनमनं त्याला उचललं. रुपा हसत होती की रडत होती ते तिलाच कळत नव्हतं. मनकर्णानं डोळे पुसले नाहीत. पुसायचं कारण काय? तिनं पदर कमरेला खोचला, घुगऱ्यांचं पातेलं पुढं ओढलं आणि पहिला द्रोण भरला.